आजीची वीत

१

वजनमापं तपासायच्या कार्यालयात ठकी चौदा वर्षं नोकरीला होती. दुकानदार आपापली वजनं आणि तराजू घेऊन रांगेत उभे राहायचे, ती एकेक तपासायची. बरोबर निघालं तर शिक्का, नाहीतर परत. समोरचा कितीही साखर पेरत बोलला तरी काटा दाखवेल तेच खरं. घरीही तिची स्टीलची पट्टी स्वयंपाकघराच्या खणात चमच्यांशेजारी असायची. नवरा बेकरीत होता, तो तिला मापाडीण म्हणायचा. "हिच्याशी संसार म्हणजे रोज काट्यावर उभं राहणं," असं तो भट्टीवरच्या सोबत्यांना सांगायचा. ठकीला त्याचा राग यायचा नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

रविवारी सकाळी ती मधली खोली झाडून-पुसून काढायची. खिडकीखाली वेताची एक बुटकी खुर्ची होती आणि खुर्चीशेजारी वेताचीच टोपली. दोन्ही आजीच्या. आजी जाऊन अकरा महिने झाले होते. टोपलीत करड्या लोकरीचे गुंडे होते, आणि सुयांवर तसंच राहिलेलं एका स्वेटरचं विणकाम. तो कुणासाठी, हे आजीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. टोपली घरी आणली तेव्हा ठकीनं सवयीनं त्या विणकामावर पट्टी ठेवली होती. साडेअकरा सेंटिमीटर.

त्या रविवारी धूळ झटकायला तिनं विणकाम उचललं, तर ते हातात जरा जास्तच लोंबलं. तिनं पट्टी आणली.

चौदा.

तेव्हा घाईत मोजलं असेल, ती मनाशी म्हणाली. पण हे वाक्य तिनं कुठल्याही दुकानदाराकडून ऐकून घेतलं नसतं.

२

आजीचा विषय निघाला की ठकीचा काटा एका बाजूला झुकायचा, हे तिलाही कबूल होतं. आईची नोकरी फिरतीची, त्यामुळे ठकी लहानाची मोठी झाली ती आजीपाशीच. आणि आजी म्हणजे बाई नव्हे, वल्ली होती.

आजीनं आयुष्यात मोजपट्टी वापरली नाही. तिची वीत आणि तिची बोटं एवढंच तिचं सामान. ती माणसाला समोर उभं करायची आणि म्हणायची, "हात वर. वळ. आता श्वास सोड." मग पाठीवरून, खांद्यावरून, दंडावरून तिची वीत चालत जायची, अंगठा ते करंगळी, अंगठा ते करंगळी, आणि ओठांत आकडे. मध्ये बोललेलं खपायचं नाही. "मोडशील," एवढंच म्हणायची. कागदावर काही लिहायची नाही, आणि तरी स्वेटर असा बसायचा की माणूस आरशासमोर गप्पच व्हायचा.

पोस्टमनला तिनं हातमोजे दिले होते, त्यांची दोन बोटं टोकाला उघडी होती, थंडीत पत्रं वेगळी करता यावीत म्हणून. समोरच्या भाजीवालीचा डावा खांदा ओझी वाहून वाहून उतरला होता. आजीनं तिला असा स्वेटर विणला की तो घातल्यावर बाई सरळ दिसायला लागली. त्या दिवशी ती भाजीवाली आजीच्या दारात उभी राहून रडली होती, आणि आजी तिला म्हणाली, "रडू नकोस गं, लोकर आटेल."

इतर बायका मुलांना वाढत्या अंगाचे कपडे करायच्या. आजीला ते मुळीच पसंत नव्हतं. "उद्याचं अंग उद्या. आज मूल जेवढं आहे, तेवढ्याला ऊब हवी," ती म्हणायची. त्यामुळे ठकीला दर वर्षी नवा स्वेटर, आणि शाळेतल्या पोरींचा जळफळाट.

विणताना काही बिनसलं तर आजी कुरकुर न करता सगळं उसवायची आणि पुन्हा हाक मारायची. "चूक लोकरीची नसते, मापाची असते. ये इकडे, उभी राहा." शेवटच्या ओळीची गोष्ट तर आणखी निराळी. गळ्याचे टाके ती सुईवरच ठेवायची, स्वेटर माणसाच्या अंगात चढवायची आणि मागे उभी राहून ते टाके तिथल्या तिथे बंद करायची. याला ती अंगावर मिटणं म्हणायची. शेवटी धागा दातानं तोडायची, तेव्हा तिचा श्वास मानेवर लागायचा. ठकीला जगात त्यापेक्षा सुरक्षित काही वाटलं नव्हतं.

३

सोमवारी विणकाम सतरावर गेलं होतं.

ठकीनं शक्यता मांडल्या. लोकर ओलसर हवेनं सैलावते. सुया घरंगळल्या असतील. भिंगरीनं ओढलं असेल. भिंगरी म्हणजे ठकीची सहा वर्षांची मुलगी, आणि नाव शोभावं अशी. जेवतानाही तिचा एक पाय खुर्चीभोवती फिरत असायचा. पण ताणलेली लोकर विरळ दिसते, आणि हे टाके एकसारखे होते, घट्ट आणि शांत. ठकीनं शेवटच्या ओळीत लाल दोरा ओवून ठेवला. मंगळवारी संध्याकाळी लाल दोरा दोन बोटं खाली होता आणि त्याच्या वर करड्या ओळी होत्या.

विणणाऱ्याचा हात म्हणजे त्याचं अक्षर. उलटा टाका घालताना आजी धागा किंचित जास्त ओढायची, त्यानं एक बारीक तिरपी रेघ उमटायची. ती रेघ नव्या ओळींतही होती. ठकीनं तिच्यावरून बोट फिरवलं. भीती वाटायला हवी होती हे तिला कळत होतं, पण आधी आलं ते रडू.

कारण गेल्या वर्षी ती मापाला गेलीच नव्हती. आजीनं फोनवर तीनदा बोलावलं, आणि तिन्ही वेळा ठकी म्हणाली होती, "येते गं पुढच्या रविवारी." कधी तपासणी होती, कधी भिंगरीला ताप, आणि एकदा तर काहीच नव्हतं, नुसता कंटाळा. तो कंटाळा आता तिला खात होता. आजी त्या टोपलीशी तिची वाट बघत गेली, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. आता तिला वाटलं, बघ, आजीनं राग धरला नाही. माझाच स्वेटर पुरा करतेय.

"तुला मधल्या खोलीतून टकटक ऐकू येते का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"फ्रिज," तो डोळे न उघडता म्हणाला. तो पहाटे तीनला कामावर जायचा आणि दुपारी मेल्यासारखा झोपायचा.

"फ्रिज स्वयंपाकघरात आहे."

"मग तूच मोज किती लांबून येतो आवाज, मापाडीण."

४

बुधवारपर्यंत तिनं फक्त उंची मोजली होती. आंधळं प्रेम म्हणतात ते हेच असावं, नाहीतर इतकी वर्षं मापं तपासणाऱ्या बाईनं रुंदी कशी सोडली असती?

गुरुवारी सकाळी तिनं पट्टी आडवी धरली. एकतीस.

ठकीच्या स्वतःच्या स्वेटरला सेहेचाळीस लागायचे. ती पट्टी हातात धरून उभी राहिली. मग आत जाऊन भिंगरीचा शाळेचा स्वेटर घेऊन आली आणि त्यावर ठेवला. कडेला कड लागली.

भेट म्हणून त्यात वावगं काही नव्हतं. पणजीनं पणतीला स्वेटर करावा, यात गोडच आहे सगळं. फक्त हा स्वेटर पुरा होणार होता, आणि पुरा झाल्यावर आजी तो अंगावर मिटणार होती. ठकीनं भिंगरीची मान डोळ्यांसमोर आणली. केसांखालची ती मऊ जागा, जिथे अजून बाळाचा वास यायचा. त्या जागेशी कोण उभं राहणार?

तिनं सुया काढल्या आणि धागा ओढला. ओळी सरसर सुटत गेल्या. लहानपणी तिनं आजीच्या विणकामाला हात लावला तर चापट बसायची, आणि आज ती ते सगळं मोडत होती. साडेअकरा सेंटिमीटरपर्यंत उसवून तिनं उरलेलं पुन्हा सुयांवर घेतलं, टोपलीवर झाकण ठेवलं आणि कामावर गेली.

५

दुपारी तिचं लक्ष लागेना. ती तीनलाच घरी आली. दार उघडलं तेव्हा आतून नवऱ्याचं घोरणं येत होतं, आणि बाकी घर गप्प होतं. भिंगरी जागी असताना ते घर कधीच गप्प नसायचं.

मधल्या खोलीच्या मध्यभागी भिंगरी उभी होती. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरलेले, हनुवटी वर, पाठ खुर्चीकडे. हालचाल म्हणाल तर शून्य. मग कुणीतरी सांगितल्यासारखी ती पावलं न उचलता सावकाश पाव फेरा वळली आणि पुन्हा थांबली. तिनं फुस्स करून श्वास सोडला.

"भिंगरे, काय चाललंय?"

पोरीनं एवढं मोठं तोंड केलं. "आई! मोडलंस ना!"

"काय मोडलं?"

"माप. आता परत पहिल्यापासून घ्यायला लागेल."

"कुणी शिकवला हा खेळ तुला?"

भिंगरीनं खुर्चीकडे पाहिलं आणि एकदम लाजली. "खेळ नाहीये. कुणीतरी उसवलं ना, म्हणून."

ठकीनं उसवलेलं घरात कुणीही पाहिलं नव्हतं. तिनं लेकीला उचलून घेतलं. फ्रॉकच्या पाठीवर हात गेला तेव्हा कापड एका पट्ट्यात गार लागलं, वीतभर रुंद.

६

एक निरीक्षण म्हणजे निरीक्षण नव्हे, असं कार्यालयात नव्या माणसांना ठकीच शिकवायची. शुक्रवारी तिनं एकच ओळ उसवली. मग आजारपणाची रजा टाकून ती कामाला निघाल्यासारखी बाहेर पडली आणि एक वाजता मागच्या दारानं घरात आली. नवरा झोपला होता. भिंगरी शाळेतून येऊन मधल्या खोलीत चित्र काढत बसली होती. ठकी दाराच्या फटीशी उभी राहिली, स्वतःच्याच घरात चोरासारखी.

बराच वेळ नुसतं ऊन जमिनीवरून सरकत होतं. मग खुर्चीचा वेत करकरला. बसलेलं माणूस उठलं की करकरतो तसा.

भिंगरीनं खडू ठेवला, उठली, पाठ फिरवून उभी राहिली. हात वर केले. तिच्या फ्रॉकवर, डाव्या खांद्याखाली, कापड एका ठिकाणी दबलं. वीतभर अंतरावर दुसऱ्या ठिकाणी दबलं. मग पहिला खळगा सुटला आणि दुसऱ्याच्या जागी आला, आणि पुढे वीतभर अंतरावर नवा खळगा. अंगठा ते करंगळी, अंगठा ते करंगळी. काम इतकं नेमकं आणि हलक्या हातानं चाललं होतं की क्षणभर ठकी घाबरायचंच विसरली. नव्वदीतही आजीच्या हाताला कंप नव्हता, आताही नव्हता.

मग तो खळगा मानेपाशी पोचला आणि ठकीच्या तोंडून किंकाळी फुटली.

नवरा धडपडत बाहेर आला. "काय झालं? साप? गॅस?"

"काही नाही. पाय घसरला," ठकी म्हणाली. दुसरं काय सांगणार?

रात्रीच्या जेवणाआधी भिंगरीच आपणहून बोलली. "आई, मोठी आजी मला ठकी म्हणते. मी सांगितलं, ठकी माझ्या आईचं नाव आहे. तिला पटतच नाही. म्हणते, गप गं, शाळेतून आल्यावर आधी हातपाय धू."

७

ठकीला सगळं लख्ख दिसलं, आणि आपण किती उशिरा बघितलं याची लाजही वाटली. शेवटच्या दिवसांत आजी फोनवर विचारायची, "ठकी शाळेतून आली का?" सगळे हसायचे. ठकीही हसली होती. आजी तेव्हापासून सहा वर्षांच्या पोरीला मापाला बोलावत होती, आणि ती पोर येत नव्हती. आता या घरात त्याच मापाची एक पोर सापडली होती.

रविवारी तिनं बापलेकीला नदीकाठच्या बागेत पिटाळलं. मग टोपली समोर घेऊन अख्खं विणकाम उसवलं, आजीच्या जिवंत हातचे साडेअकरा सेंटिमीटरसुद्धा. शेवटचा टाका सुटला तेव्हा तिला हुंदका आला. नुसता धागा उरला.

ती खोलीच्या मध्यभागी उभी राहिली, पाठ खुर्चीकडे.

"आजी, मी ठकी. आले बघ. ती भिंगरी आहे, माझी लेक. तिला सोड. माप माझं घे."

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिचे पसरलेले हात भरून आले. या वयात आपण रिकाम्या खोलीत हात पसरून उभ्या आहोत, कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच वेळी वेत करकरला.

पहिला स्पर्श कमरेपाशी झाला, जिथे सहा वर्षांच्या मुलीचा खांदा असतो. बोटं तिथे खांदा शोधत राहिली. मग थांबली. मग अनोळखी भिंत चाचपावी तशी वर सरकली, पाठीवरून, एकेक करून. ठकीनं डोळे मिटले होते. तिनं कार्यालयातल्या सगळ्यात जड वजनासारखं स्वतःला स्थिर ठेवलं. बोटं खांद्यावर आली. कानामागे तिला लहानपणी पडून झालेला व्रण होता, तिथे ती बराच वेळ टेकून राहिली. त्यांत थरथर होती, पहिल्यांदाच.

आणि मग वीत चालायला लागली. भरभर, जुन्या सवयीनं, जणू मधली सगळी वर्षं म्हणजे नुसती एक चुकलेली ओळ. ठकीनं न सांगता वळून घेतलं. न सांगता श्वास सोडला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि खरं सांगायचं तर ती सुखात होती.

सोमवारी टोपलीत नवे टाके घातलेले होते. तिनं रुंदी मोजली. सेहेचाळीस.

८

पुढचे चोवीस दिवस भिंगरी पुन्हा भिंगरी झाली. तिनं दोन पेले फोडले, पडद्याला लोंबकळली, आणि बापाची दुपारची झोप उडवली. ठकी रोज संध्याकाळी पट्टी लावायची. दिवसाला दोन बोटं, ना कमी ना जास्त. बाह्या आल्या, खांदे जुळले. इतका देखणा स्वेटर आजीनं हयातीत केला नव्हता. कुठे शिवण नाही, कुठे गाठ नाही. कामातली खोट काढणं हा ठकीचा धंदा, पण तिला त्यात एक टाका नावं ठेवायला सापडला नाही.

पंचविसाव्या दिवशी गळ्याचे टाके सुयांवर होते. घरी कुणी नव्हतं. ठकीनं जपून स्वेटर अंगात चढवला, सुया मानेभोवती तशाच ठेवून, आणि उभी राहिली. अवघडलेल्या त्या काही मिनिटांत तिला फक्त सुयांची टकटक ऐकू येत होती, उजव्या कानाकडून डाव्या कानाकडे. करडी कड हळूहळू गळ्याला लागत गेली.

अर्धं अंतर झाल्यावर तिला आठवलं. गळा मिटताना आजी आपल्या डाव्या हाताची दोन बोटं मान आणि लोकर यांच्यामध्ये घालून ठेवायची. तेवढी जागा श्वासाची, म्हणायची. तेवढी सैल राहिली की स्वेटर डोक्यातून निघतोही. ठकी त्या दोन बोटांची वाट बघत राहिली. ती आलीही असतील, तिला सांगता आलं नसतं. आता त्यांना जाडी कुठून असणार?

मानेवर गार श्वास लागला. धागा तुटल्याचा बारीक आवाज आला. एक तळवा पाठीवरून एकदा फिरला, कौतुकानं, आणि गेला.

नवरा आला तेव्हा ती मधल्या खोलीतल्या आरशासमोर होती. तो खूश झाला. "अरे वा! कुठून आला? झकास बसलाय." मग त्यानं नीट पाहिलं. "गळ्याला फारच घट्ट नाही का? तोंड लाल झालंय तुझं. काढ बघू."

"निघत नाही."

त्यानं कडेखाली बोट घालायचा प्रयत्न केला. नख गेलं, बोट जाईना. त्याचा चेहरा बदलला. भिंगरी दारात येऊन उभी राहिली होती, बागेतल्या मातीनं माखलेली, एका पायावर. तो धावत जाऊन स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आला. "हलू नकोस. कुठून कापू?"

कात्रीचं पातं गळ्याला गार लागलं. ठकीनं आरशात पाहिलं. तिच्या खांद्यामागे ती बुटकी खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीसमोर दारात तिची लेक. कापला की धागा सुटणार. ओळी उसवणार. आणि उसवलं म्हणजे चूक मापाची. मग पुन्हा हाक. या घरात मापाला उभ्या राहणाऱ्या दोघी होत्या, आणि ठकीचं माप चुकलं असं ठरलं की हाक दुसरीलाच जाणार.

तिनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि कात्री खाली केली.

"वेडी आहेस का? श्वास कोंडतोय तुझा!"

"कोंडत नाही." तिनं आरशातून त्या खुर्चीकडे बघत, शेजारच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आजी, अगदी मापात बसलाय बघ. कुठे म्हणजे कुठे चूक नाही."

वेत करकरला, कुणीतरी समाधानानं मागे टेकल्यासारखा. भिंगरी दुसऱ्या पायावर उडी मारून अंगणात पळून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ठकीनं श्वास धरून ठेवला, आणि मग बसेल तेवढाच घेतला.